दिग्या, तुझ्या सायकलचं सांगायचं राहिलंय

डेन्व्हर,
6 जुलै

प्रिय दिग्या,

"सप्टेंबरात येतोय, माझी सायकल हवा भरून ठेव" हा तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. दोन निळ्या टिका तुला दिसल्या असणार, आणि मग माझा पत्ता नाही. तू म्हणाला असशील, मन्या माजला. माजलेलो नाही, तोंड लपवून बसलोय. फोन केला तर तू मला वाक्य पुरं करू देणार नाहीस, म्हणून पत्र. प्रकृत्या सगळ्यांच्या बऱ्या आहेत, माझी शुगर आहे तिथंच आहे.

एकदमच सांगून टाकतो. तुझी सायकल मोडली. म्हणजे, मी मोडली.

आता शिव्या देऊन घे. झाल्या की पुढं वाच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही युटातल्या मोआबला निघालो होतो, राहायचा ट्रेलर घेऊन. मोआबच्या अलीकडं डेड हॉर्स पॉइंट आहे ना, आपण 2007 साली गेलो होतो आणि तू कठड्याजवळ यायला तयार नव्हतास, तिथंच. खाली दोन हजार फुटांवर नदी, म्हणून मी तुला तेव्हा हसलो होतो. आता सई कठड्याजवळ गेली की माझ्याच पोटात गोळा येतो. तर तिथं सायकलींच्या वाटा छान केल्यात आणि सईला तुझीच सायकल लागते. दहा वेळा म्हटलं नवी घेऊ. "डिग्याकाकाची सायकल जड आहे पण शहाणी आहे," म्हणते. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच म्हणते.

सायकली न्यायच्या कशा, हा आमच्या घरात दरवर्षीचा तंटा. ट्रकच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या आणि अनघाची अर्धी स्वयंपाकखोली. ट्रेलरच्या मागं लावाव्या तर तो बंपर म्हणजे नुसता पत्र्याचा चौकोनी नळा. खड्डा आला की ट्रेलरची शेपटी अशी उडते की रॅकसकट सायकली रस्त्यात. रॅकवाले स्वतःच लिहून देतात, ट्रेलरच्या मागं लावू नका. राहिलं ट्रकचं पुढचं नाक. म्हणून मी मागच्या वर्षी चॅसीला पुढं दोन इंची चौकोनी रिसीव्हर बोल्ट करून घेतला, मागं ट्रेलर जोडायच्या हिचला असतो तसाच. त्यात रॅक सरकवायचा, पिन मारायची, दोन सायकली आडव्या उभ्या करायच्या. पुढची नंबर प्लेट झाकते, कोलोरॅडोत ती सक्तीची आहे, म्हणून प्लेट काढून रॅकलाच आवळली. डोळ्यासमोर सायकली राहतात, पट्टा सुटला तर लगेच कळतं. एकच काय ते, रात्री हेडलाइटपुढं चाकं येतात आणि रस्त्यावर आऱ्यांच्या सावल्या नाचतात.

आता तू म्हणणार, "आंबा घाट."

मला माहीतच होतं तू म्हणणार. म्हण. त्या चिऱ्याच्या ट्रकवाल्यानं आपल्या सायकली पुढं शोला, म्हणजे जाळीला, बांधल्या तेव्हा तू साखरप्यापासून डोकं खाल्लं होतंस, रेडिएटरपुढं सायकली बांधल्या तर हवा कुठनं जाणार म्हणून. आणि तो म्हणाला, "तुजी सायकल काय भित्ताड हाय व्हय?" मी हसलो म्हणून तू आंब्यापर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास. वर क्लीनरनं जेव्हा टोपण काढून पाणी ओतलं तेव्हा तू माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलंस ती नजर मला अजून आठवते. पण दिग्या, तो ट्रक सायकली नसत्या तरी तापलाच असता. त्यात दहा टन दगड होता. हे मी तुला तीस वर्षं सांगतोय. (पंक्चर तुझंच होतं, हेही.)

तर या वेळी काय झालं. डेड हॉर्सला पाण्याचा उगम नाही, वर टँकरनं नेतात, म्हणून टाकी घरूनच भरून आणा म्हणतात. म्हणजे ट्रेलरमध्ये दीडशे लिटर पाणी वाढलं. डेन्व्हर सोडलं की आय-70 हायवे चढतच जातो. आयझेनहॉवर बोगदा 11 हजार फुटांच्या वर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्यास तरी बोगदा वरच राहतो. जॉर्जटाऊन सोडलं आणि काटा हलायला लागला. नेहमी 210 फॅरनहाइटला झोपलेला असतो, तो 220, 225. मी एसी बंद केला. 230. मग आपली जुनी युक्ती: हीटर फुल. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायची. दिग्या, डोंगरावर अजून बर्फाचे पट्टे आहेत, बाहेर गार वारा आहे, आणि आम्ही तिघं आत काचा खाली करून भट्टीत बसलोय. सई म्हणाली, "बाबा, हे नॉर्मल आहे का?" अनघा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

236ला मी ट्रक बाजूला घेतला. हिवाळ्यात मोठे ट्रक चाकांना साखळ्या बांधायला जिथं थांबतात ती रुंद जागा आहे ना बोगद्याच्या अलीकडं, तिथं. बॉनेट उघडलं. पाणी जाग्यावर. पट्टा जाग्यावर. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत किडे आणि कॉटनवुडच्या झाडांचा कापूस, जूनमध्ये असतोच, पण इतका नाही. आणि मग मी दोन पावलं मागं सरलो आणि मला ते दिसलं.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतोय.

सायकलींवर मी ताडपत्री बांधली होती. मागच्या खेपेला किड्यांनी चेनचं पिठलं केलं होतं आणि खड्यांनी माझ्या नव्या सायकलचा रंग उडाला होता, म्हणून घरी रात्री बारा वाजता बसून, मापं घेऊन, रिंगा ठोकून, मस्त निळी ताडपत्री दोन्ही सायकलींभोवती ताणून बांधली. ढोलासारखी. मला त्या कामाचा इतका अभिमान होता की फोटो काढला होता, तुला पाठवणार होतो. ग्रिलपुढं अक्षरशः भिंत. साठच्या स्पीडला त्या भिंतीला वारा थडकून दोन्ही बाजूंनी निघून जात होता आणि मागं बिचारा पंखा एकटा ओढत होता.

सोडली. घडी करून सीटखाली घातली. अर्ध्या तासानं निघालो तर बोगद्यापर्यंत काटा 215च्या पुढं गेला नाही. अनघाला म्हटलं, "फॅन क्लच जरा वीक झालाय." ती म्हणाली, "हो का." त्या "हो का"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि वर ग्रँड जंक्शनला एका गॅरेजात मी खरोखर फॅन क्लच बदलून घेतला! चांगला होता रे तो. खोटं निभवायला पैसे घालवले. तिथं चार तास गेले, आणि सगळी गोची त्या चार तासांनी केली.

कारण उजेडी पोचायचं ते आम्ही रात्री दहाला पोचलो. अंधार असा की हात दिसेना. कॅम्पातल्या आमच्या जागेत ट्रेलर रिव्हर्समध्ये घालायचा होता. अनघा आणि सई दोघी मागं बॅटऱ्या घेऊन. "या, या, अजून या, डावीकडं, बाबा डावीकडं!" मी दोन आरशांत आणि मागं. ट्रेलर मागं वळवायचा तर ट्रकचं नाक उलट्या बाजूला फिरतं, हे मला दहा वर्षांत हजार वेळा माहीत आहे. पण आता त्या नाकावर तीन फूट जास्तीचं नाक होतं. पुढं कुणी उभं नव्हतं. पुढं उभं राहायचं काम नेहमी तुझं असायचं.

आवाज मोठा नव्हता. पापड मोडावा तसा एक, आणि मग कर्रर्र. समोरच्या जागेच्या नंबरचा लाकडी खांब. तो हललासुद्धा नाही.

पुढचं चाक पुरतं दुमडलं होतं, ते काही नाही, चाक मिळतं. फोर्क मागं गेला, तोही मिळेल. मी बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसून फ्रेम बघितली. हँडलच्या खाली, खालची नळी जिथं पुढच्या नळीला जोडलीय, त्याच्या बोटभर मागं रंगाला बारीक तडे, केसांसारखे. आणि नख फिरवलं तर नखाला लागतं. एक सुरकुती. त्याच्या वर चार बोटांवर तुझा अंबाबाईचा स्टिकर, त्याला ओरखडासुद्धा नाही.

आता खरं सांगायचं ते. रॅकचा नियम काय? जड सायकल आत, गाडीला चिकटून, हलकी बाहेर. तुझी स्टीलची, जड. ती आत असायला हवी होती. मी माझी आत लावली, नवी आहे म्हणून, आणि तुझी बाहेर. निघताना सई म्हणाली होती, "काकाची जड आहे ना?" मी म्हटलं, चालतंय. तीन आठवडे रात्री दोनला जाग येते ती फ्रेमनं नाही येत, त्या "चालतंय"नं येते.

तू म्हणशील, अरे वीस वर्षं जुनी सायकल, सोड. असं म्हणू नकोस, तसं म्हणालास तर जास्त वाईट वाटेल. थोड्या शिव्या दे.

इथं एक म्हातारा फ्रेम बनवणारा आहे, त्याला दाखवली. त्यानं चष्मा कपाळावर ढकलून सुरकुतीवरून अंगठा फिरवला, सावकाश, वैद्य नाडी बघतो तसा. म्हणाला, स्टील आहे म्हणून वाकलं. ॲल्युमिनियम असतं तर तुटलंच असतं. मागची बाजू वाकली असती तर थंडच सरळ केली असती. पण इथली सुरकुती सरळ केली तरी नळी तिथं दमलेली राहणार, आणि कधीतरी उतारावर चिरणार. नळ्या बदलून देईन, पण त्या पैशांत दोन सायकली येतील. आणि त्यासाठी रंग सगळा जाळावा लागेल. स्टिकर जाणार. मी म्हटलं विचार करून सांगतो. ती त्याच्याकडंच टांगून आहे, महिनाअखेर त्याला उत्तर हवंय.

सईचं म्हणणं, नळ्या बदला, तिच्या उन्हाळी नोकरीतले पैसे ती देते. अनघाचं म्हणणं, दिग्यालाच विचार, तुम्हा दोघांची ती सवत आहे. माझं म्हणणं रोज बदलतं. काल वाटलं भिंतीवर लावू. आज वाटतंय सगळे भाग काढून दुसऱ्या जुन्या फ्रेमवर चढवू. 26 इंची स्टीलची फ्रेम आता कुणाला नको असते, स्वस्त मिळेल. पण मग ती तुझी सायकल का, की तुझे पॅडल लावलेली दुसऱ्याची? एक नक्की, आहे त्या अवस्थेत तुला तिच्यावर बसू देणार नाही, तू कितीही हट्ट केलास तरी. तुझं वजनही आता 2007चं नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढू लागल्या का? काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या पायावर डोकं ठेवायला दिवाळीत नक्की येतो. चिन्याचं शेवटी सायन्सच का? बापाचं ऐकलं म्हणजे, बरंय. रंकाळ्याच्या फ्लॅटचं काय ठरलं ते सविस्तर लिही, तुझ्या व्हॉइस नोटमधनं फक्त तुझ्या गल्लीतले हॉर्न कळले.

फ्रेमचं महिनाअखेरच्या आत कळव. आणि येताना तुझ्या टूलबॉक्समधला तो चपटा 15चा पाना आण. तो माझा आहे. 1998पासून.

तुझा,
मन्या

ता. क. ताडपत्रीचं अनघासमोर अवाक्षर काढायचं नाही. तिला माहीत आहे असा मला दाट संशय आहे; परवा सीटखालची ताडपत्री धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेली होती.