ती ओळ माझी होती, मन्या

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

दिवाळीत तुझा फोन आला, 'नंतर करतो' म्हणून ठेवला, तो आजतागायत. पाठ दुखते तशीच दुखते, साखर काठावर आहे. पुढे.

शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिसात तुझ्या नावाने खडे फोडले गेले आणि मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

झालं असं, की रिलीज गेला, फाइलच्या नावात नवा नंबर आणि आत मागच्या महिन्याचं बायनरी, म्हणजे जुनाच तयार प्रोग्रॅम! कस्टमरने कळवलं तेव्हा कळलं. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणारी आपली स्क्रिप्ट, तर हिरवागार, सगळं पास. लॉग उघडला तर मधोमध कंपायलरची एरर. कंपाइल करून घेणाऱ्या मेकने दोन परत केला होता रे (शून्य म्हणजे ठीक, बाकी काही म्हणजे गडबड), पण त्याचं आउटपुट आपण पाइपने 'टी'कडे देतो ना, पडद्यावरही दिसावं आणि लॉगही राहावा म्हणून. शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा, विचारतो फक्त पाइपातल्या शेवटच्या कमांडला. टीने ती एररसुद्धा इमानेइतबारे उतरवून घेतली आणि शून्य देऊन मोकळा झाला. वर 'सेट मायनस ई', चूक दिसली की थांबवणारं, होतंच. त्याला बिचाऱ्याला शून्यच दिसला. लिंकपर्यंत गाडी गेलीच नाही, म्हणून जुनं बायनरी फोल्डरात तसंच पडून होतं. पॅकेजिंगने ते उचललं.

मग कुणीतरी गिट ब्लेम चालवला, कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारा. नाव तुझं. नोकरी सोडताना तू सगळे टॅब काढून स्पेस केल्यास (त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आठवतंय?), त्यामुळे ती अख्खी फाइल तुझ्या नावावर. मायनस डब्ल्यू लावला असता तर स्पेसचे बदल वगळून खरा मालक दिसला असता. मला ते माहीत होतं. चहा पीत राहिलो.

ती पाइपवाली ओळ माझी, २०१७ची. 'पाइपफेल लाव, पाइपातलं कुणीही पडलं तर कळेल' असं तू तेव्हाच म्हणाला होतास आणि मी पॉझिक्सचं, म्हणजे शेलच्या प्रमाण नियमांचं, पुराण लावलं होतं. तेव्हा ते पॉझिक्समध्ये नव्हतं हे खरं, २०२४च्या आवृत्तीत आलं. पण आपल्याकडे एकूण एक मशीन बॅशवालं, आणि त्या शेलला पाइपफेल कळतो! तुझं ऐकायचं नव्हतं, एवढंच.

साडेतीनला मीच मायनस डब्ल्यू लावून पडद्यावर दाखवलं. कुणी काही बोललं नाही. नवी पोरगी आहे एक, ती फक्त 'ओके सर' म्हणाली. ते जास्त लागलं.

आता गंमत ऐक. पाइपफेल लावला, बिल्ड पास. लगेच पुन्हा चालवला तर फेल! नव्याने कंपाइल करायला काही नव्हतं, म्हणजे वॉर्निंग शून्य. आणि आपण लॉगमधल्या वॉर्निंग शोधतो ग्रेपने, पुढे पाइपने डब्ल्यूसी त्या मोजतो. ग्रेपला काही सापडलं नाही की तो एक देतो. म्हणजे वॉर्निंग नाहीत म्हणून बिल्ड पडला. हात शिवशिवत होते तुझा लाडका 'ऑर ट्रू' (काही झालं तरी ठीकच म्हण) ठोकायला. नाही ठोकला. एक आला तर चालू द्यायचं, दोन किंवा वर आला तर थांबायचं, असं लिहिलं. तिथे लॉगच सापडला नाही तर ग्रेप दोन देतो, ते गिळायचं नव्हतं.

काकांचं मोतीबिंदूचं झालं का? चिऊची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. फोन कर, उचलतो.

तुझाच,
बाळ्या

ता. क. टॅबच बरे होते.