बाळाचं नाव जनार्दनच ठेवू या

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजोबांचं नाव बाळाला नको. जनार्दन म्हणजे लोकांना पीडा देणारा, असं पारावर कुणी सांगितलं." तुमचा आवाज पार उतरला होता. तेव्हापासून मलाही चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

'जन' म्हणजे लोक. घोळ होतो तो 'अर्द्' या धातूपाशी. त्याचा एक अर्थ पीडा देणं असा आहे, हे खरंच. पण तिथं 'जन' म्हणजे दुर्जन, असं शंकराचार्यांनी विष्णुसहस्रनामाच्या भाष्यात सांगितलंय. लगेच पुढं दुसरा अर्थही दिलाय. 'अर्द्' म्हणजे याचना करणंही. लोक ज्याच्याकडे आपलं मागणं घेऊन जातात, तो जनार्दन. गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन याच नावानं कृष्णाला हाक मारतो आणि मागतो काय, तर "पुन्हा सांग, ऐकून माझी तृप्ती होत नाही."

मला हाच अर्थ आपल्या घरचा वाटतो. 1972 च्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, आपल्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं, हे तुम्हीच सांगत आलात. आजोबांनी तेव्हा रहाटाचा दोर रात्रीसुद्धा काढून ठेवला नाही. कोण आलं, कुठल्या वस्तीवरचं आलं, विचारलं नाही. त्या माणसाच्या नावाचा अर्थ पीडा कसा असेल, बाबा?

शिवाय आपण पैठणचे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी, देवगिरीचे किल्लेदार. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन किल्ला चढला होतात, ते अजून आठवतं. नाथांनी गुरूंचं नाव स्वतःच्या नावाला असं जोडलं, की 'एका जनार्दनी' आल्याशिवाय त्यांचा अभंग पुरा होत नाही.

आई, तुझी अडचण निराळी आहे, कळतं मला. सासऱ्यांचं नाव तू उभ्या जन्मात घेतलं नाहीस. रेशन कार्ड दाखवायचं तरी 'मामंजींचं' म्हणायचीस. पण दर एकादशीला भजनात 'एका जनार्दनी' तूच सगळ्यांत मोकळ्या गळ्यानं म्हणतेस ना? तशीच नातवाला हाक मार.

बारशाला कानात नाव आत्या सांगेल, पाळण्याची दोरी मात्र तुझ्या हाती. कुंची शिवून झाली असेल तर घेऊन ये, इथं पहाटे गारठा असतो.

तुमचा,
थोरला