आबाजींचा गोठा आणि तुमचं नागपूरला येणं

आई, बाबा,

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून व्हॉट्सॲपवरच लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

दादाशी बोलून ठरवून टाकलंय. दिवाळी झाली की तुम्ही दोघं इकडे मनीष नगरला यायचं. तिन्ही गाई शेजारच्या काकूंचा मोठा पोट्टा नेणार, मी त्याला हो म्हटलंय. बाबा, तुम्हाला न विचारता म्हटलं, ते रात्रभर टोचतंय मला. पण शेणावरून पाय घसरून तुम्ही पहाटे तासभर गोठ्यात पडून होता आणि आम्हाला चार दिवसांनी कळलं, ते पण दुसऱ्याकडून, मग मी काय करायचं सांगा?

आबाजी गेल्यावरचा हा पहिला पोळा. परवा तान्ह्या पोळ्याला खालच्या गल्लीत पोट्टे लाकडी बैल घेऊन फिरत होते, बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागत होते आणि मी बाल्कनीत उभी राहून रडत होते. इथे सगळे सांगतात की दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 मध्ये हा पोळा सुरू केला, पण माझ्यासाठी तो आबाजींनीच सुरू केला. पोरीला कशाला बैल म्हणत होते लोक, तर त्यांनी सागवानाच्या तुकड्यातून माझा बैल कोरला, वर खरी चाकं लावली आणि म्हणाले, माझी कालवड सगळ्यात पुढे चालन.

दिवसा सुतारकामाची वाकस आणि पटाशी, पहाटे आणि संध्याकाळी गाई. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच जीवानं केली. धाव चढवायचा दिवस आठवतो का? गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडं लालभडक व्हायचं, तिघं जण ते पकडीनं उचलून चाकावर ठेवायचे, घण पडायचे आणि बाबा, तुम्ही बादलीनं पाणी ओतायचे, चर्रर्र करून सगळं अंगण वाफेनं भरायचं. लोखंड आवळलं की आरे पुठ्ठ्यात करकचून बसायचे, मग आबाजी चाक ठोकून कान लावून ऐकायचे. मग टायरच्या बंड्या आल्या आणि चाकांचं काम गेलं, ते मुकाट दाराच्या चौकटी करायला लागले. पण गवळाऊ गाय काही सोडली नाही. जर्सी घ्या, दूध जास्त, असं कितीदा सांगितलं लोकांनी. ते म्हणायचे, भोसल्यांच्या फौजेत धावलेली जात आहे, आपल्या उन्हात हीच टिकते. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवरचे वळू पाहून आले होते, ते तर वर्षभर सांगत होते.

आणि हात थरथरायला लागला तेव्हा शेवटची जोडी त्यांनीच दिली ना बाबा? बाजारात उभी नाही केली. आधी ते घर पाहून आले, गव्हाण पाहिली, पाणी पाहिलं, त्या घरच्या बाईनं बैलांच्या पाठीवरून हात कसा फिरवला ते पाहिलं, मग दिली. मी पण तसंच केलं. गेल्या रविवारी तुम्ही वाड्यात झोपले होते तेव्हा काकूंकडे जाऊन आले. गोठा कोरडा आहे, फरशी खरखरीत आहे, पाय घसरणार नाही. कपिलेला तिकडे कडुनिंबाची सावली आहे. आपला गोठा कोणी पाडणार नाही, शब्द देते.

इथे लिफ्ट आहे, संडासात धरायला दांडा लावलाय, खोलीच्या खिडकीला कूलर बसवलाय, उन्हाळ्याआधी नवा वाळा टाकीन. आई, सकाळचं ऊन तुझ्या तुळशीला मिळेल अशीच जागा ठेवलीये. इथल्या बेसा भागातला गवळी म्हशीचं दूध घरी आणून देतो, बाबांना पातळ वाटणार नाही.

तोपर्यंत ऐका. पहाटे गोठ्यात एकट्यानं जायचं नाही, उजाडल्यावर जा, काठी घेऊन. बीपीची गोळी जेवणाआधी. खर्रा बंद म्हणजे बंद, बाबा, पानठेल्यावर "अर्धाच दे" पण नाही. आई, तू डबे उचलायचे नाहीत, सामान मी आणि दादा बांधू.

फक्त आबाजींच्या पेटीला हात लावू नका. वाकस, रंधा, गिरमिट मी स्वतः तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणणार. आणि बाबा, माझ्या बैलाचं एक चाक ढिलं झालंय, ते तुम्ही इथे आल्यावर बसवून द्या.

तुमची कालवड