तुम्ही गाठ ओढून पाहिली नाही

अक्का,

फिलिपिन्समधल्या बागियोत, जिथं तुम्ही मागावर विणता, थोरल्या बहिणीला ‘मनांग’ अशी हाक मारतात, हे लेकीनं सांगितलं होतं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तुम्हाला अक्काच म्हटलं असतं, म्हणून तेच लिहितो. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही. पण ज्यांनी हे वाचायला हवं ते इथंच, सोलापुरात आहेत.

परत येऊन तीन आठवडे झाले. नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कुणी भेटायला आलं की चहा यायच्या आधी तुमचा विषय निघतो. नानांनी चाळीस वर्षं मागावर काढली. आधी हातमाग, मग यंत्रमागावर चादरी. त्या खडखडाटात कान गेले, उभं राहून राहून गुडघे गेले. नात फिलिपिन्समध्ये डॉक्टरी शिकते, तिला बघायचा हट्ट धरला म्हणून त्यांना घेऊन आलो. सोलापुरात त्या दिवशी ४३ अंश होते आणि तुमचं गाव सुमारे १,५०० मीटर उंचीवर. बसमधून उतरताच नानांनी चादर अंगाभोवती गुंडाळली. म्हणाले, ‘आयुष्यभर विणली, थंडी आज बघतोय.’

सहल आखून देणाऱ्यानं बेनकॅब म्युझियम नेमकं सोमवारी ठेवलं होतं, आणि सोमवारी ते बंद असतं. फोन केला तर म्हणतो, ‘सर, बाहेरून पण फोटो छान येतात.’ मंगळवारी स्वतःच्या खर्चानं पुन्हा गेलो. चित्रकार बेनेडिक्टो काब्रेरा यांनी २००९ साली उघडलेली ती जागा. चित्रांपेक्षा नाना रमले ते बुलुलांपुढे. इफुगाओ लोकांचे हे लाकडी राखणदार, भाताच्या कोठारात बसवायचे. ‘आपल्या ज्वारीच्या पेवावर असा एखादा बसवला असता तर?’ असं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सगळे वळून बघायला लागले. ताम-आवान या तिथल्या कलाग्रामात खिळ्याशिवाय उभारलेली घरं आहेत, पण तिथल्या पायऱ्या नानांना झेपेनात. ते खालीच बसले. सोबतचा माणूस मला म्हणाला, ‘उद्यापासून आजोबांना गाडीतच बसू द्या.’ त्यांना ऐकू येत नाही हे त्या दिवशी बरंच झालं.

म्हणून तुमच्या मागशाळेत आलो तेव्हा मी त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवणार होतो. पण तुमचा माग बघून ते काठी टेकत थेट पुढे आले. लाल-काळ्या पट्ट्यांचं कापड होतं. तेवढ्यात ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला. तुम्ही थांबलात, आणि नानांचा हात आपसूक पुढे गेला.

मी त्यांची बाही धरली, अक्का. का धरली ते सांगतो. चार वर्षांपूर्वी इथं सोलापुरातच एका प्रदर्शनात शोभेसाठी हातमाग मांडला होता. नानांनी मागाच्या फणीला बोट लावलं, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या पोरानं त्यांचा हात बाजूला केला. ‘बाबा, लांबून बघा, महागाची वस्तू आहे.’ बाजूला फलकावर लिहिलेलं होतं, ‘सोलापूरचा अभिमान : विणकर’. नाना काही बोलले नाहीत. घरी येऊन लवकर झोपले. त्यानंतर अशा कुठल्याही ठिकाणी त्यांचा हात पुढे गेला की माझा हात बाहीवर जातो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नानांची बोटं बघितलीत आणि बसायच्या फळीवर वीतभर सरकलात. नाना बसले. धाग्याचं टोक शोधलं, बोट जिभेला लावून ओलं केलं, फणीतून टोक ओढलं आणि गाठ मारली. हात थरथरतात हल्ली, चहा बशीत सांडतो. गाठ मारताना थरथरले नाहीत.

आणि मग तुम्ही जे केलंत, खरं म्हणजे केलं नाहीत, त्यासाठी हे पत्र. तुम्ही ती गाठ ओढून पाहिली नाही. म्हाताऱ्या परक्या माणसानं तुमच्या कापडात मारलेली गाठ! तुम्ही सरळ पायाखालची पट्टी दाबलीत, धोटा टाकलात आणि पुढे विणायला लागलात. माग न चालवणाऱ्या माझ्यासारख्याला यात काही वाटणार नाही. नाना बाहेर आल्यावर नातीला म्हणाले, ‘बघितलं नाही तिनं. तिला माहीत होतं.’ टॅक्सीत बसेपर्यंत तीनदा म्हणाले.

त्या टॅक्सीवाल्यानंही सुटे पैसे शेवटच्या नाण्यापर्यंत मोजून परत दिले. तुमच्या गावची ही रीतच आहे म्हणे. आम्ही रिक्षात दहा रुपये सोडून देणारी माणसं, आम्हाला हातावर पडलेलं ते नाणंच मोठं वाटलं. २०१७ साली युनेस्कोनं तुमच्या शहराला हस्तकला आणि लोककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं, हे मी तिथंच वाचलं. निवडणाऱ्यांनी काय काय बघितलं मला ठाऊक नाही. मला विचारलं असतं तर मी ती फळी दाखवली असती.

लेकीनं ‘आग्यामानाक’ हा तुमच्याकडचा आभाराचा शब्द नानांना शिकवला होता. त्या गडबडीत ते विसरले आणि आमच्या घरच्या तेलुगूत काहीतरी बोलून गेले. तुम्ही हसून मान हलवलीत. तो शब्द आता त्यांनी घोकून ठेवलाय.

लेक सुट्टीहून परत जाईल तेव्हा तिच्यासोबत एक चादर पाठवतोय. नानांनी शेजारच्या कारखान्यात स्वतः जाऊन निवडली, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. उजव्या किनारीजवळ दोन धागे सुटलेत. बदलून आणतो म्हटलं, तर नको म्हणाले, याहून चांगली त्या गठ्ठ्यात नव्हती. फक्त तुम्हाला आधी सांगून ठेवायला सांगितलंय.