वर्गातल्या खेळाला जोडतास द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वर्गाध्यापनात व्हिडिओ गेम व ऑनलाइन साधनांच्या वापराबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका असून सहावी-सातवीला गणित आणि भूगोल शिकवते. आमच्या गावात ‘गेम’ हा शब्द सहसा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. ‘पोरगं गेमच्या नादाला लागलंय, बाई, तुम्हीच सांगा चार गोष्टी,’ असे म्हणत दर महिन्याला एखादी आई शाळेच्या पायरीवर येऊन बसते. तिची भीती अनाठायी नाही. गेमच्या आहारी जाण्याच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले आहे. अशा गावात गेली तीन वर्षे मी वर्गात गेम वापरते आहे, आणि म्हणूनच अशा कामासाठी जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका, मागणारे हे पत्र लिहिण्याचे धाडस करते.

मागच्या जुलैतला एक तास आपल्यापुढे ठेवते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली खुली केलेली ‘स्क्रॅच’ नावाची मोफत प्रणाली आहे. तीत ठोकळे एकमेकांना जोडून मुलांनाही छोटे गेम तयार करता येतात आणि एकदा संगणकावर उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तीत पुराचा एक साधा गेम केला. पडद्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी फुटांत दिसते. प्रत्येक डाव सहा तासांचा. त्यात पाऊस किती झाला आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे कळते. प्रत्येक गटाकडे एक कुटुंब, दोन म्हशी आणि गल्लीत मिळून एकच ट्रॅक्टर-ट्रॉली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. घर केव्हा सोडायचे एवढाच निर्णय घ्यायचा. लॅपटॉप माझा, प्रोजेक्टर लोकवर्गणीतला, मुले ३१, गट सहा. गट आपला निर्णय पाटीवर लिहून वर धरत आणि एक मुलगा तो संगणकात भरत असे.

पहिल्या फेरीत सहापैकी पाच गट ४३ फुटांपर्यंत थांबले. मग ट्रॉलीसाठी रांग लागली आणि एका गटाची म्हैस गोठ्यातच राहिली. वर्गात कोणी हसले नाही. २०१९ चा पूर या मुलांना अंधुक आठवतो. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती, पण घरात त्या पुराच्या गोष्टी अजून निघतात. तास संपायला दोन मिनिटे उरली असताना मागच्या रांगेतली, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, गेम चुकलाय. आमच्यात पाणी नदीकडनं येतच नाही. आधी ओढ्याला फुगवटा येतो आणि पाणी माघारी फिरतं. एकेचाळीसलाच आमचा रस्ता बंद हुतोय.’

ती बरोबर होती. माझ्या गेममध्ये ओढाच नव्हता. पुढच्या तासाचे हिंदीचे गुरुजी मनाने मोठे, म्हणून त्यांनी आपली तासिका मला दिली, आणि त्या ३५ मिनिटांत फुगवटा म्हणजे काय, तीच पाणीपातळी एका गल्लीला धोक्याची आणि दुसरीला बिनघोर कशी असते, गावाचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे सारे फळ्यावर आले. छापलेल्या धड्याला ‘तू चुकलास’ असे म्हणायला आमची मुले धजत नाहीत. बाईंनी केलेल्या गेमला मात्र त्यांनी ते बिनदिक्कत सांगितले. माझ्या मते त्या दिवशीचे शिकणे पडदा बंद झाल्यावर झाले. गेम ही त्याची पूर्वतयारी होती.

म्हणून माझी पहिली विनंती वेळापत्रकाची आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेत गेम खेळून होतो, पण त्यावर बोलणे होत नाही आणि मग पालकांचा आक्षेप खरा ठरतो, की शाळेतही नुसते खेळतातच. आठवड्यातून एकदा सलग दोन तासिकांचा जोडतास अशा कामासाठी ठेवण्याची स्पष्ट मुभा शाळांना मिळावी. त्यासाठी शासनाला पैसा लागणार नाही.

हा प्रकार नवाही नाही. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अध्यापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तीन तरुणांनी इतिहासाच्या तासासाठी ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा गेम तयार केला, तेव्हा त्याला पडदासुद्धा नव्हता; प्रश्न टेलीप्रिंटरच्या कागदावर छापून येत आणि मुले उत्तर टंकित करीत. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दोन्ही ठिकाणी साधन आधी वर्गाच्या गरजेतून निघाले. आमच्याकडे मात्र साधन आधी येते आणि त्याला शोभेल अशी गरज आम्ही अहवालात लिहितो.

याचा कटू अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे अभ्यासाचे अ‍ॅप तोंडी सूचनेवरून शाळेत आले. कंपनीचे नाव मी घेत नाही. पहिले वर्ष फुकट होते. नोंदणीसाठी प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल नंबर भरायचा होता, आणि तो मीच भरला, याची खंत मला आजही आहे. वर्ष संपताच शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीवर असलेल्या बापांना, ऊसतोडीच्या फडात असलेल्या आयांना फोन जाऊ लागले, की पैसे भरले नाहीत तर तुमचे मूल मागे पडेल. दोघांनी कर्ज काढून पैसे भरले. अ‍ॅपमधल्या गणितात बरोबर उत्तराला नाणी पडत आणि फटाके उडत; चुकीचे उत्तर का चुकले हे मात्र कुठे सांगितलेले नव्हते. त्याला गेम म्हणणे म्हणजे वहीच्या कव्हरवर चित्र आहे म्हणून तिला चित्रकलेची वही म्हणण्यासारखे आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे. शाळेने असे साधन वापरताना मुलांच्या नावाने खातेच उघडू नये, एवढा एक सरळ नियम आपण केलात तर आमच्यावरचा निम्मा दबाव उतरेल. पालकांनाही सांगायला आधार मिळेल. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून खेळायच्या गेमना बंदी केली आहे आणि शैक्षणिक गेमना उत्तेजन देण्याची भूमिका घेतली आहे; हा फरक ग्रामसभेत समजावून सांगण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

साधनांची वानवा नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. त्यातील विज्ञान-गणिताचे खेळ विनामूल्य आहेत, त्यांतले बरेच मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही चालतात. अपूर्णांकांसाठी मी तेच वापरते. कहूटसारखी प्रश्नमंजूषा गंमतीची आहे खरी, पण तिला प्रत्येकाच्या हातात फोन लागतो आणि आमच्या मुलांच्या घरातला एकुलता फोन सकाळीच बापाबरोबर कामाला जातो. शिवाय लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळत असल्याने विचार करणारे मूल तळाशी राहते. प्लिकर्स या अशाच दुसऱ्या प्रश्नमंजूषेत मुले उत्तरासाठी कागदाची कार्डे वर धरतात आणि फोन फक्त शिक्षकाकडे असतो. आमच्यासारख्या शाळांना ते परवडते. ठोकळ्यांचे जग रचण्याच्या माइनक्राफ्ट या गेमची शैक्षणिक आवृत्ती चांगली असेलही, पण तिच्यासाठी परवाना आणि पुरेसे संगणक लागतात, तेव्हा तूर्त ती बाजूला ठेवू. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अशा मोफत, मराठी आणि नेटवर्कविना चालणाऱ्या साधनांचा संच पेन ड्राइव्हवर शाळांना दिला आणि त्यातून निवड शिक्षकावर सोडली, तर मोठे काम होईल. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, कोणाचा तास कसा फसला हेही मग आम्हाला मोकळेपणाने बोलता येईल.

आणि एक विनंती जराशी संकोचाने करते. यातले काही मान्य झाले तर ‘गेम घेतल्याचे दोन फोटो आजच लिंकवर भरावेत’ असा आदेश कृपया पाठोपाठ निघू नये. फोटोसाठी मुले पडद्याकडे बघत बसतात आणि पाट्या खाली राहतात.

प्रोजेक्टरची वायर मे महिन्यात उंदरांनी कुरतडली. ती आम्ही गावातच दुरुस्त करून घेतली आहे. ओढ्याची चूक काढणारी ती मुलगी आता आठवीला हायस्कूलला गेली, तरी शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्याकडे येते आणि गेममध्ये ओढा जोडते. काम अडले आहे ते ओढा नेमका किती फुटांना माघारी फिरतो यावर. तिचे आजोबा ४० म्हणतात, ती ४१ वर ठाम आहे आणि येत्या पावसाळ्यात दोघे मिळून काठीला खुणा करणार आहेत. आपले अधिकारी त्या सुमारास कोल्हापुरात असतील, तर त्यांनी जोडतासाला जरूर यावे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर