‘सोपं सायन्स’ म्हणून जिऑलॉजी घेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात करून पुढे विद्यापीठात जाणाऱ्या मराठी मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो : सायन्सची अट पुरी करायची आहे ना, मग जिऑलॉजी घे, दगडधोंड्यांचा विषय, फिजिक्सपेक्षा सोपा. सल्ला अर्धा खरा आहे. प्रास्ताविक भूविज्ञानाला कॅल्क्युलस लागत नाही. गुणोत्तर, आलेख आणि चिमूटभर त्रिकोणमिती एवढ्यावर सेमिस्टर निभते. पण मुले गणितात अडतच नाहीत. ती अडतात प्रयोगशाळेत, नंबर चिकटवलेल्या नमुन्यांच्या ट्रेपुढे.

आधी नावनोंदणीतला एक खड्डा सांगतो, कारण त्यात पडलेले वर्षाअखेरीपर्यंत कळत नाही. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लेक्चर व लॅब हे दोन वेगळे कोर्स असतात : लेक्चर साधारण ३ युनिटांचे (श्रेयांकांचे), लॅब १ युनिटाची. युनिट एकच म्हणून लॅब किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती आठवड्याला तीन तास, म्हणजे सेमिस्टरभरात सुमारे ५४ तास खाते. नुसते लेक्चर घेतले की भौतिक विज्ञानाची अट पुरी होते, लॅबची होत नाही. २०२५च्या फॉल सत्रापासून लागू झालेल्या ‘कॅल-जीईटीसी’ या, विद्यापीठात जाण्याआधी पुऱ्या करायच्या सामान्य विषयांच्या आराखड्यात त्या ५-ए आणि ५-सी अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. कोणत्या कॉलेजातला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : पूर्णवेळ धरण्यासाठी लागणाऱ्या १२ युनिटांत ऑनलाइन वर्ग एकच, किंवा तीन युनिटांपुरताच, मोजला जातो.

ऑनलाइन लॅबविषयी आमचे मत स्पष्ट आहे : दुसरा मार्ग असेल तर घेऊ नये. घरी येणाऱ्या किटमध्ये प्रत्येक खनिजाचा एकच तुकडा असतो आणि मूल तो तुकडा पाठ करते. कॉलेजच्या कपाटात एकट्या क्वार्ट्झचे पाच-सात अवतार असतात : पारदर्शक, दुधी, गुलाबी, धुरकट, जांभळा. ते सगळे एकच आहे हे हाताला कळणे, हाच या लॅबचा पहिला धडा. रंगावर भरवसा ठेवणारा पहिल्याच चाचणीत चुकतो.

तेव्हा ओळख पटवायची ती क्रमाने. आधी चमक, धातूसारखी की नाही. मग कठिनता, मग कस (फरशीवर घासून पडणाऱ्या पुडीचा रंग), मग पाटन (ठरावीक दिशांनी सपाट फुटणे), आणि आम्ल अगदी शेवटी. हा क्रम नुसता शिस्तीसाठी नाही. आम्ल आधी टाकले की नमुना ओला होतो, चमक दिसेनाशी होते आणि कसाच्या फरशीवर पुडीऐवजी चिखल उमटतो.

कठिनतेची मोजपट्टी फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडली. शंखजिरे १, हिरा १०. लॅबमध्ये हाताशी असतात ती रोजची हत्यारे : नख सुमारे २.५, तांबे ३ ते ३.५, काच ५.५, पोलादी कानस ६.५. तांबे म्हणून बरेच जण खिशातली एक सेंटची पेनी काढतात आणि तिथे फसतात. १९८२ सालच्या मध्यापासून पेनी आतून जस्ताची झाली. वर तांब्याचा फक्त पातळ मुलामा. तो खरवडला गेला की आपण मऊ जस्तावर घासत असतो. कॅल्साइटसारख्या ३ कठिनतेच्या खनिजाचा निकाल अशा वेळी उलटा लागू शकतो. १९८१ किंवा त्याआधीची पेनी वापरावी, नाहीतर तांब्याच्या जाड तारेचा तुकडा. काचेची पट्टी हातात धरून घासू नये. टेबलावर सपाट ठेवून नमुन्याचे टोक दाबून ओढावे, कारण हातात फुटलेली काच तळवा कापते. ओरखडा दिसला की त्यावरून बोट फिरवावे. पुसला गेला तर तो ओरखडा नव्हेच. खनिजाचीच पूड काचेला लागलेली असते, म्हणजे काच कठीण ठरली. या विषयात सर्वांत जास्त गुण बहुधा याच एका पुसण्यावर जातात.

कस म्हणजे खनिजाच्या पुडीचा रंग. तो चकाकी न दिलेल्या चिनीमातीच्या फरशीवर घासून पाहतात. हेमेटाइट चंदेरी चमकदार असो वा लाल मातकट, त्याचा कस तांबूस तपकिरीच उमटतो. पायराइट सोन्यासारखे दिसते, पण त्याचा कस हिरवट काळा; सोन्याचा पिवळा. मात्र फरशीची स्वतःची कठिनता ६.५ ते ७ असते. त्याहून कठीण खनिज घासले तर पांढरी पूड पडते ती फरशीची, आणि तक्त्यात ‘कस पांढरा’ अशी नोंद होते. खरी नोंद ‘कस नाही’ अशी हवी. आधी कठिनता पाहिलेली असली की ही चूक होतच नाही. क्रमाचा उपयोग तो असा.

पाटन, म्हणजेच क्लीव्हेज, हा सगळ्यांत वेळ खाणारा भाग, आणि तो खाऊ द्यावा. स्फटिकाचा पैलू आणि पाटनाचा पृष्ठ यांत मुले हटकून गोंधळतात. क्वार्ट्झला सहा सुबक पैलू असतात, पण पाटन नसते. तो फुटतो तेव्हा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गोलाकार, शंखाभ. पाटन असेल तर तीच दिशा पायऱ्या-पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा दिसते. नमुना दिव्याखाली सावकाश फिरवावा. एका कोनात त्या सगळ्या पायऱ्या एकदम लखलखल्या तर ते पाटन. मग दिशा मोजाव्यात आणि त्यांमधला कोन पाहावा. सैंधव तीन दिशांनी काटकोनात फुटते, कॅल्साइटही तीनच दिशांनी, पण तिरपे. (सैंधव चाखून पाहण्याची हौस कोणी करू नये, तो खडा कित्येक वर्षे शेकडो हातांतून फिरलेला असतो.) खरी कसोटी पायरोक्सीन आणि अँफिबोल या दोन खनिजगटांची. दोन्ही काळपट, दोन्हींची कठिनता ५ ते ६, दोन्हींना पाटनाच्या दोन दिशा. फरक फक्त कोनाचा : पायरोक्सीनमध्ये ८७ आणि ९३ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोन, अँफिबोलमध्ये ५६ आणि १२४. हा कोन भिंगाखाली दिसायला लागला की पुढे गॅब्रो (पायरोक्सीनचा खडक) आणि डायोराइट (अँफिबोलचा) यांची नावे पाठ करावी लागत नाहीत.

फेल्स्पार या खनिजगटाच्या बाबतीत ‘गुलाबी तो ऑर्थोक्लेज, पांढरा तो प्लॅजिओक्लेज’ हे सूत्र विद्यार्थी वर्षानुवर्षे एकमेकांना देत आले आहेत. ऑर्थोक्लेज पांढराही असतो. प्लॅजिओक्लेजच्या एका पाटनपृष्ठावर फूटपट्टीने आखल्यासारख्या बारीक समांतर रेषा असतात. दहापट भिंग, तिरपा प्रकाश, आणि त्या दिसतात.

आम्ल असते विरल हायड्रोक्लोरिक, साधारण १० टक्के. थेंब एकच, डोळ्यांवर गॉगल, पाहून झाले की नमुना धुऊन पुसून ठेवायचा. कॅल्साइट लगेच फसफसते. डोलोमाइट तसेच ठेवले तर जेमतेम, खरवडून पूड केली तर फसफसते. आदल्या बॅचने न धुतलेला नमुना पुढच्या बॅचला फसवतो, हे वेगळे सांगायला नको. वालुकाश्म फसफसला म्हणून तो चुनखडक होत नाही. त्याचे कण कॅल्साइटने चिकटलेले असतात एवढेच.

खडकांकडे वळताना आधी पोत आणि मग घटक, हे धरून ठेवावे. अग्निज खडकाचे कण डोळ्यांना सुटे दिसत असतील तर तो जमिनीखाली सावकाश थंड झाला. दिसत नसतील तर पृष्ठभागावर भराभर. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखी काच, काळा आहे म्हणून त्याला बेसाल्टच्या रांगेत बसवतात, पण बहुतेक ऑब्सिडियनमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या वर असते आणि घटकांनी तो ग्रॅनाइटचा भाऊ ठरतो. काचेत रंग फसवा असतो. शिलारस थंड होताना खनिजे कोणत्या क्रमाने बनतात याची नॉर्मन बोवेन यांनी १९२०च्या दशकात मांडलेली मालिका मुले आकृती म्हणून घोकतात. तिचा खरा उपयोग चुका पकडण्यासाठी आहे : मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीन आणि क्वार्ट्झ एका खडकात शेजारी नांदत नाहीत. तक्त्यात दोन्ही लिहिले गेले असतील तर त्यांतले एक पुन्हा तपासावे. गाळाच्या खडकांत वाळूचा कण १/१६ ते २ मिलिमीटर, ही एक व्याख्या पाठ असलेली बरी. रूपांतरित खडकांत क्वार्टझाइट आणि संगमरवर दिसायला सारखे, पण एक काचेवर ओरखडा काढतो, दुसरा आम्लात फसफसतो. दोन चाचण्यांचे काम.

सत्राच्या मध्यावर नकाशे येतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नेहमीचा नकाशा १ : २४,००० प्रमाणाचा, म्हणजे एक इंच म्हणजे २,००० फूट. छेद (जमिनीचा उभा काप) काढताना उभे प्रमाण एक इंचाला ४०० फूट धरले तर उभा ताण, म्हणजे आडव्या अंतराच्या मानाने उंचीचा फुगवटा, पाचपट होतो आणि साध्या टेकडीचा कडा दिसू लागतो. हा आकडा छेदाखाली लिहिला नाही तर गुण जातात, आणि जायलाच हवेत. समोच्च रेषा ओढा ओलांडताना इंग्रजी ‘व्ही’ करतात. त्याचे टोक ओढ्याच्या वरच्या अंगाला असते. निम्म्या उत्तरपत्रिकांत पाणी डोंगर चढते.

नतिलंब आणि नति, म्हणजे स्ट्राइक आणि डिप (खडकाच्या थराची दिशा आणि कल), हे मात्र कागदावर समजत नाही. थराच्या पृष्ठावर पाणी ओतावे. ते ज्या दिशेने ओघळते ती नतीची दिशा, तिला काटकोनात असलेली आडवी रेषा म्हणजे नतिलंब. ब्रंटन होकायंत्राच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम उलट छापलेल्या पाहून दरवर्षी कोणीतरी यंत्र सदोष आहे म्हणून परत आणतो. सुई जागेवर राहते आणि तबकडी तिच्याभोवती फिरते, म्हणून त्या मुद्दाम उलट छापतात. हातोडी आणि फोन दूर ठेवावेत. मॅग्नेटाइट भरपूर असलेल्या बेसाल्टवर यंत्र टेकवले तर सुई भरकटते, तेव्हा थोडे मागे सरून दिशा साधावी. ‘नतिलंब ४०, नति ३०’ एवढीच नोंद अपुरी आहे, कारण थर आग्नेयेला कललेला असेल किंवा वायव्येला. दिशा लिहायलाच हवी. आणि रस्त्याकडेच्या कापात दिसणारा कल खरा असेलच असे नाही. ३० अंशांनी कललेला थर नतिलंबाशी ४५ अंशांत कापला तर कापात तो सुमारे २२ अंशांचाच दिसतो.

उरलेल्या प्रकरणांत एकच सापळा सांगण्याजोगा आहे. किरणोत्सारी कालमापनात मूळ द्रव्य आणि त्यापासून बनलेले जन्यद्रव्य यांचे प्रमाण १ : ३ दिले की मुले ‘एक तृतीयांश उरले’ धरतात. उरलेले असते एक चतुर्थांश, म्हणजे दोन अर्धायुष्ये (मूळ द्रव्य निम्मे व्हायला लागणारा काळ) उलटली.

क्षेत्रभेटीला जाताना पिशवी नेली तरी नॅशनल पार्कमधला खडा उचलू नये. तिथे दगड गोळा करण्यास मनाई आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर नंबर घातलेले नमुने असतात आणि प्रत्येकापाशी दीड-दोन मिनिटे मिळतात. तयारीसाठी लॅब खुली असते त्या तासांना दोघांनी बसावे. एकाने ट्रेमधले नंबर झाकावेत आणि सर्वांत लहान, मळका, कोपरे झिजलेला तुकडा पुढे करावा. दुसऱ्याने नाव न सांगता फक्त पुढची चाचणी सांगावी. चाचणी चुकली तर नमुना परत ट्रेमध्ये.

आपले,
भूविज्ञान शिकवणारे काही शिक्षक