पालघरची माणसं अजून ठाण्याच्या खात्यात

संपादक महोदय,

जनगणनेवरची कालची बातमी वाचली. चौकटीत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार, ठळक अक्षरांत. शेजारच्या नकाशात पालघर मात्र वेगळा रंगवलेला. मग आम्ही नेमके कुठे मोजले गेलो? तो आकडा २०११चा, अखंड ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा फुटला तेव्हा वसईपासून मोखाड्यापर्यंतचे आठ तालुके अख्खे इकडे आले. त्यामुळे हिशेब शाळकरी पोरालाही जमेल: पालघर २९ लाख ९० हजार, उरलेलं ठाणे ८० लाख ७० हजार. तालुकावार तक्ता उघडायला आपल्याकडे कुणाला सवड नसावी.

आणि ‘गावागावाचे आकडे उपलब्ध’ म्हणता, तर तिथे गाव म्हणजे महसुली गाव, महसूल दप्तरात नोंदलेलं, हेही छापा की! पाडे त्यात मुरून जातात. प्रगणक घेऊन फिरतो तो गट सहा-सातशे वस्तीचा असतो, पण खेड्यात तक्ता महसुली गावापाशीच संपतो. गंमत अशी की बेचिराख, म्हणजे माणूसच राहत नसलेल्या, गावालाही कोड असतो, स्वतःची ओळ असते. नांदत्या पाड्याला नाही.

आमच्या पाड्याच्या पाणीयोजनेचा कागद एका कचेरीतून परत आला. शेरा: ‘पाड्याची जनगणनेनुसार लोकसंख्या जोडावी.’ आणू कुठून? जिल्हा जनगणना पुस्तिका घेऊनच साहेबांपुढे बसलो. साहेबांनी गावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे तर हातपंप आहे असं दिसतंय.” आहे ना, गावठाणात! मध्ये ओढा आहे, तो पुस्तिकेत कसा दिसणार? हातपंपाचं मान्य, माणसांचं अमान्य. शेवटी ग्रामसेवकाच्या हातची घरयादी चालली. ती आधीच मागितली असती तर?

आता २०२७च्या गणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ला जिल्ह्या-तालुक्यांच्या, गावांच्या सीमा गोठवल्या. पालघरला जिल्हा म्हणून पहिल्यांदाच स्वतःचं पान मिळेल, आनंद आहे. पाड्यांची ओळ कोण मागणार, यावर आपल्या बातमीदाराने दोन शब्द लिहिले असते तर बरं झालं असतं.

जाता जाता: त्याच नकाशात तलासरी गुजरातेत ढकलली आहे. दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या पानावर छापा, शब्दकोड्याखाली नको.

आपला,
एक निवृत्त तलाठी, जव्हार